श्रम सरले, म्हणून देणें सरतें काय?

मुंबईंत वडाळा व शीव यांच्यामध्यें अँटॉप हिल नांवाचा भाग आहे. एका अंगास केंद्र सरकारच्या नोकरांची मोठी वसाहत, दुसऱ्या अंगास दाटीनें वसलेल्या झोपड्या व चाळी, आणि मधून मधून नवीन उंच इमले, असें त्याचें रूप आहे. परळ-लालबागचें गिरणगांव येथून फार दूर नाहीं. गेल्या हिवाळ्यांत एका आप्ताच्या घरीं आमचा तेथें मुक्काम असतां एक लहानशी गोष्ट आमच्या दृष्टीस पडली. तिनें मनांत जो प्रश्न उभा केला तो वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

सकाळची वेळ होती. एका गॅसच्या दुकानापुढें बायकांची रांग लागली होती. सवलतीचा गॅस घेणारांनीं यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटवून आपली ओळख पटवावी, असा नियम निघाला होता. रांगेंत सत्तरी उलटलेली एक बाई होती. तिनें दोनदां, तीनदां, चारदां अंगठा लावला, परंतु यंत्र तो ओळखीना. जन्मभर भांडीं घासून व धुणीं धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. मागें उभा असलेला एक तरुण कंटाळून म्हणाला, "आजी, सरकार फुकट देतंय, मग थोडा त्रास होणारच की."

म्हातारी क्षणभर गप्प राहिली. मग वळून म्हणाली, "बाळा, माझ्या घरधन्यानं बत्तीस वर्षं साच्यावर काढली. छातीत कापूस घेऊनच गेला तो. त्याच्या मेहनतीला कुणी फुकट म्हटलं नाही, आणि माझ्या चुलीला तू फुकट म्हणतोस?"

तरुण वरमला. त्यानें दुकानांतून एक खुर्ची आणून तिला बसविलें व तिचें काम होईपर्यंत तो तेथेंच उभा राहिला.

आम्ही घरीं परतलों, परंतु ते शब्द मनांतून जाईनात. म्हातारीचें बोलणें न्यायाचें होतें काय? गॅसची ही सवलत गरिबी पाहून मिळते. तिचा पति गिरणींत होता कीं आणखी कोठें, हें त्या कागदावर कोणी विचारीत नाहीं. मग त्याच्या बत्तीस वर्षांच्या श्रमांशीं ह्या गॅसचा संबंध काय? आणि संबंध नसेल, तर तिचे शब्द ऐकून त्या तरुणास व आम्हांसही लाज कां वाटली? हा गुंता सोडवावयाचा, तर श्रम आणि चुलीचें इंधन यांचें नातें जेथें उघड व लेखी आहे असें एखादें उदाहरण पाहिलें पाहिजे. तसें उदाहरण कोळशाच्या खाणींतील कामगारांचें आहे.

जो ज्या वस्तूसाठीं राबतो त्याला त्या वस्तूचा कांहीं भाग घरीं मिळावा, ही रीत जगांत जुनी आहे. मळ्यांतील गड्यास भाजी मिळते, खळ्यावरील मजुरास धान्य मिळतें. त्याचप्रमाणें ब्रिटनमध्यें खाणींत उतरणाऱ्या मनुष्यास रोख पगाराशिवाय घरच्या शेगडीसाठीं कोळसा मिळत असे. तो देश थंड. तेथें घरांत विस्तव नसेल तर म्हातारें माणूस हिवाळा काढूं शकत नाहीं. म्हणून हा कोळसा कामगाराच्या मिळकतीचा एक भागच समजला जाई. नोकरी संपल्यावरही तो कित्येकांस चालू राही, आणि कामगार मरण पावला तर त्याच्या विधवेसही मिळे.

१ जानेवारी १९४७ रोजीं ब्रिटिश सरकारनें देशांतील बहुतेक साऱ्या खाणी आपल्या ताब्यांत घेतल्या. त्या वेळीं सुमारें ९५० खाणी व सुमारें ७ लाख कामगार सरकारी मंडळाकडे आले. पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं चक्र उलटें फिरलें. १९९४ च्या कायद्यानें खाणी पुन्हां खाजगी मालकांस विकण्यांत आल्या. तेव्हां प्रश्न उभा राहिला कीं, जे कामगार पूर्वींच निवृत्त झाले, ज्यांच्या खाणी बंद पडल्या, ज्यांचे पति वारले, त्यांच्या घरीं कोळसा कोणी पाठवावा? नवा मालक म्हणेल, "हे माझे नोकर नव्हते." जुनें मंडळ तर उठूनच जाणार. शेवटीं सरकारनें तें देणें स्वतःच्या अंगावर घेतलें, व त्यासाठीं एक राष्ट्रीय योजना चालविली. ज्यांच्या घरांत कोळसा जाळण्याची सोय राहिली नाहीं, त्यांस त्याऐवजीं रोख रक्कम घेण्याची मुभा ठेवली. २०१३ सालीं एक मोठी खाजगी कंपनी संकटांत सांपडली, तेव्हां तिच्या जुन्या कामगारांच्या इंधनाचा भारही सरकारनें उचलला.

पुढें तर खाणीही राहिल्या नाहींत. १८ डिसेंबर २०१५ रोजीं यॉर्कशायर परगण्यांतील केलिंगली येथील खाण मिटली. त्या देशांतील खोल खाणींपैकीं ती अखेरची. १ मे २०२३ पासून इंग्लंडांत घरगुती जळणासाठीं साधा कोळसा विकणें बंद झालें, कारण त्याच्या धुरानें हवा विषारी होते. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं कोळशावर वीज करणारें शेवटचें केंद्रही थांबलें. याप्रमाणें खाण गेली, कोळसाही गेला. परंतु कोळसा खणणाऱ्या म्हाताऱ्यांचें व त्यांच्या विधवांचें देणें मात्र खाण मिटली म्हणून मिटलें नाहीं. कोणाला धूर न करणारें जळण, कोणाला पैसे, अशा रूपानें तें पुढें चालू राहिलें.

आमच्या महाराष्ट्रांतही कोळसा आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी ह्या बाजूच्या वाचकांस खाणींचें वर्णन सांगण्याची गरज नाहीं. आनंदवनामुळें ज्या वरोऱ्याचें नांव घरोघरीं झालें, तेथें एकोणिसाव्या शतकांत सरकारी खाण होती. देशांतील खाणी १९७२ व १९७३ सालीं सरकारच्या मालकीच्या झाल्या, व १९७५ सालीं कोल इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. नागपुरास मुख्य ठाणें असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही तिचीच शाखा होय. येथेंही कामगारांच्या वेतनकरारांत चुलीच्या इंधनाची तरतूद आहे. पूर्वीं घरीं कोळसा येई, पुढें त्याच्या जागीं गॅसच्या सिलिंडरचा खर्च देण्याची पद्धत आली. म्हातारपणासाठीं १९४८ च्या कायद्यानें भविष्यनिर्वाह निधि व १९९८ पासून निवृत्तिवेतन अशी सोय झाली. म्हणजे खाणींतील मनुष्याचें देणें पगाराच्या दिवशीं संपत नाहीं, हें तत्त्व आमच्या देशानेंही मानिलें आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ज्यानें दहा किंवा वीस वर्षांपूर्वीं कुदळ खालीं ठेविली, त्याच्या घरच्या विस्तवाचा खर्च सर्व प्रजेच्या करांतून व्हावा, हें न्यायाचें कीं नुसत्या दयेचें? ह्याविरुद्ध चार आक्षेप घेतले जातात. त्यांतील प्रत्येकाचा नीट विचार केला पाहिजे, कारण हेच आक्षेप आपल्या गांवांतही दुसऱ्या रूपानें ऐकूं येतात.

पहिला आक्षेप असा: "काम केलें, पगार घेतला, हिशेब संपला." हिशेब संपला हें केव्हां म्हणतां येईल? ठरलेलें सर्व हातीं पडल्यावर. कामगार खाणींत उतरला तेव्हां त्याच्याशीं झालेल्या बोलीचे दोन भाग होते. एक आज रोख, दुसरा पुढें वस्तूच्या रूपानें. दुसरा भाग मिळणार म्हणूनच त्यानें पहिल्यावर समाधान मानिलें. जो भाग त्या दिवशीं दिला नाहीं, तो धन्याजवळ ठेव म्हणून राहिला. कोणी आपले पैसे सावकाराजवळ ठेविले आणि वीस वर्षांनीं मागितले, तर "मी तुझ्यावर उपकार करितों" असें सावकारानें म्हणणें शोभेल काय? ठेव जुनी झाली म्हणून ती दान होत नाहीं.

दुसरा आक्षेप असा: "खाण विकली, मालक बदलला, आतां कोणीं द्यावें?" ह्याचें उत्तर प्रत्येक कुणब्यास ठाऊक आहे. बापाचें शेत ज्यानें घेतलें त्यानें बापाचें कर्जही घ्यावें. शेत माझें व कर्ज परक्याचें, असें कोणी म्हणूं लागला तर पंच त्याला हंसतील. ब्रिटनमध्यें ज्या वर्षांत खाणी सरकारच्या होत्या, त्या वर्षांत त्या कोळशावर देशाच्या आगगाड्या धांवल्या, कारखाने चालले, दिवे लागले. त्या उजेडांत सगळेच बसले. मग त्याचें देणेंही सगळ्यांनींच फेडावें.

आणि हा उजेड त्याच देशापुरता नव्हता. मुंबईच्या जुन्या गिरण्या वाफेवर चालत, व त्या वाफेसाठीं लागणाऱ्या कोळशांतील कांहीं एके काळीं ब्रिटनहून जहाजांत भरून येई. शहराच्या पूर्व किनाऱ्यावर कोळसा बंदर हें नांव त्या दिवसांची आठवण देतें. लालबागेस कोळशापासून दिव्याचा गॅस करण्याचा कारखाना होता, आणि १८६५ सालापासून मुंबईच्या रस्त्यांवर त्या गॅसचे दिवे लागूं लागले. १९१५ सालीं खोपोलीची पाण्यावरची वीज आली, तेव्हां गिरण्या हळू हळू कोळशापासून सुटूं लागल्या. तेव्हां अँटॉप हिलच्या त्या म्हातारीचा पति ज्या गिरणगांवांत राबला, तें गिरणगांव मुळांत कोठल्या तरी खाणकऱ्याच्या पाठीवर उभें राहिलें होतें. दूरच्या माणसाचे श्रम आपल्या घरांत कसे येतात, याचा आपल्याला पत्ताही नसतो.

तिसरा आक्षेप विधवेविषयीं आहे: "पति खाणींत उतरला हें खरें; पण तिनें काय केलें?" असें विचारणारानें खाणकऱ्याचें घर पाहिलेलें नसावें. पाळीच्या आधीं पहाटे उठून भाकर कोणी केली? काळे झालेले कपडे कोणी धुतले? न्हाण्याचें पाणी कोणी तापविलें? आणि भोंगा अवेळीं वाजला म्हणजे खाणीच्या तोंडाशीं धांवत कोण गेलें? २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळच्या चासनाला येथील खाणींत अकस्मात् पाणी शिरलें व साडेतीनशेंहून अधिक माणसें आंत राहिलीं. त्या दिवशीं बाहेर उभ्या असलेल्या स्त्रियांनीं कांहींच केलें नाहीं, असें कोण म्हणूं धजेल? पुरुषाची मजुरी हातांत एकट्या पुरुषाच्या पडते, परंतु ती मिळविण्यास दोघें झिजतात. कराराच्या कागदांत विधवेचें नांव आलें, तें उपकार म्हणून आलें नाहीं. जें खरें होतें तेंच तेथें लिहिलें गेलें.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो असा: "खाणकऱ्याच्या शेजारीं दुसरी एक विधवा राहते. तिचा पति दुकानांत हमाल होता. ती अधिक गरीब आहे. तिला मात्र कांहीं नाहीं. हा कोणता न्याय?" हें ऐकून मनुष्याचें मन डळमळतें, व डळमळावें हेंच योग्य. परंतु जरा विचार करूं. मी शेजाऱ्याचे शंभर रुपये देणें लागतों, आणि वाटेंत एक भुकेला मनुष्य भेटतो. मी शेजाऱ्याचे पैसे त्या भुकेल्यास देऊन "मी धर्म केला" असें म्हणूं शकतों काय? भुकेल्यास द्यावें, अवश्य द्यावें. परंतु तें माझ्या ताटांतून द्यावें, दुसऱ्याच्या ठेवींतून नव्हे. त्याचप्रमाणें हमालाच्या विधवेचा हिवाळा सुखाचा करणें हें समाजाचें कर्तव्य आहे, आणि खाणकऱ्याच्या विधवेचें देणें देणें हेंही कर्तव्य आहे. एकीचें तोंड दाखवून दुसरीचें देणें बुडविणें हा न्याय नव्हे.

येथें दोन गोष्टी मात्र कबूल केल्या पाहिजेत. एक ही कीं, देण्याचें रूप बदलतां येतें. कोळशाच्या धुरानें मुलांचीं फुप्फुसें खराब होत असतील, तर कोळशाऐवजीं दुसरें इंधन किंवा पैसे द्यावे. मात्र घेणाराशीं बोलून द्यावे, व मूल्य कमी करूं नये. दुसरी ही कीं, ज्याला आतां गरज उरली नाहीं असा निवृत्त मनुष्य आपला वांटा स्वखुशीनें सोडूं शकतो, आणि त्यानें तसें केलें तर तें थोरपण होय. परंतु जें माझें आहे तेंच मी देऊं शकतों. तें माझें नव्हेच, सरकारची कृपा होती, असें आधीं म्हटलें, तर माझ्या देण्यास अर्थच राहत नाहीं. हक्क मानिल्यावांचून त्याग संभवत नाहीं.

एवढ्या विचारावरून एक भेद स्पष्ट होतो. देणें निराळें व दान निराळें. देण्यामध्यें "तुझें काय ठरलें होतें?" हा प्रश्न असतो, दानामध्यें "तुला काय उणें आहे?" हा प्रश्न असतो. आमच्या वाचकांस हा भेद नवीन वाटूं नये. अनुवाद पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायांत हे दोन्ही नियम थोड्या थोड्या अंतरानें सांगितलेले आहेत. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्या हातांत द्यावी, हा एक. आणि शेतांत विसरलेली पेंढी परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठीं राहूं द्यावी, हा दुसरा. पहिला देण्याचा, दुसरा दानाचा. ज्यानें सरवा वेचूं दिला त्याला मजुरी बुडविण्याची मोकळीक कोठेंही दिलेली नाहीं. आणि दुसऱ्या नियमांतही गरिबाचा मान राखलेला आहे, हें पाहण्यासारखें आहे. विधवेनें धन्याच्या दारीं हात पसरावयाचा नाहीं. तिनें स्वतः शेतांत जाऊन स्वतःच्या हातानें उचलावयाचें आहे.

परंतु देणें जर नीट लिहिलेलें नसेल, तर त्याचें दान होण्यास वेळ लागत नाहीं. याचा दाखला शोधण्यास खाणींत उतरावयास नको. आपल्या गांवाची बलुत्याची रीत पुरे आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग हे वर्षभर गांवाचें काम करीत, व सुगीच्या वेळीं खळ्यावर त्यांस धान्य मिळे. मुळांत ती मजुरीच होती. परंतु किती द्यावें हें देणाराच्या मर्जीवर राहिलें. मग पेंढी लहान झाली, भाकर शिळी झाली, आणि ज्यानें काम केलें त्यालाच दाराशीं उभें राहून मागावें लागलें. श्रम त्याचे, आणि लाचारीही त्याचीच! डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महारांच्या वतनाविषयीं जें बिल आणलें, त्याच्या मुळाशीं हेंच दुःख होतें. पुढें १९५८ च्या कायद्यानें तीं हलकीं समजलेलीं वतनें रद्द झालीं. त्या रीतीच्या ओझ्याखालीं ज्यांच्या आजोबांनीं दिवस काढले, असे आमचे कित्येक वाचक आहेत. ब्रिटनच्या खाणकऱ्याचा कोळसा आणि आमच्या बलुतेदाराचें धान्य, दोन्ही वस्तुरूप मजुरीच; परंतु एकाच्या मागें संघटना व लेखी करार होता, दुसऱ्याच्या मागें केवळ देणाराचा स्वभाव होता. म्हणून एकाचा हक्क राहिला, व दुसऱ्याचें मागणें झालें.

मुंबईच्या गिरणी कामगारांची स्थिति ह्या दोहोंच्या मधली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनी मात्र सोन्याच्या मोलाच्या ठरल्या. त्या जमिनीचा कांहीं भाग लोकोपयोगी कामासाठीं मिळावा असा नियम १९९१ सालीं झाला. २००१ सालीं तो असा बदलला कीं त्या भागाचें क्षेत्र पुष्कळ घटलें. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम ठेविला. १ जानेवारी १९८२ रोजीं किंवा त्यानंतर ज्यांचीं नांवें गिरणीच्या पटावर होतीं त्यांस किंवा त्यांच्या वारसांस घर मागतां येईल, असें ठरलें. अर्ज दीड लाखांहून अधिक आले. २०१२ च्या जून महिन्यांत ६,९२५ घरांची सोडत निघाली, १ मार्च २०२० रोजीं आणखी ३,८९४ घरांची. अशा कांहीं हजार घरांकडे दीड लाख घराणीं डोळे लावून बसलीं. ज्यांच्या श्रमानें त्या जमिनीस मोल आलें, त्यांचें देणें चिठ्ठीच्या दैवावर सोडलें गेलें. देण्यास चिठ्ठी नसते. सावकार कधीं म्हणतो काय, "ज्याची चिठ्ठी निघेल त्याची ठेव परत करीन"?

आतां त्या म्हातारीकडे पुन्हां जाऊं. तिच्या हातांतील गॅसचा कागद कोणत्या जातीचा? उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं आपल्या औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपती संभाजीनगरांत, देण्यांत आली. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें अन्नपूर्णा योजनेखालीं वर्षास तीन सिलिंडर विनामूल्य देण्याचें जाहीर केलें. ह्या योजना गरज पाहून केलेल्या आहेत. शेणीच्या व ओल्या लांकडांच्या धुरांत ज्यांचे डोळे गेले, अशा खेड्यांतील आमच्या भगिनींस त्यांचा केवढा आधार, हें आम्ही पाहिलें आहे. तेव्हां नेमकें बोलावयाचें तर म्हातारीचा गॅस हें तिच्या पतीच्या श्रमाचें देणें नव्हतें. तें निराळें होतें.

मग ती चुकली काय? आम्हांस वाटतें, हिशेबांत ती चुकली, परंतु न्यायांत चुकली नाहीं. तिचें खरें देणें दुसऱ्याच खात्यावर पडून होतें, आणि तें फेडण्यास कोणी आलें नव्हतें. जें समोर आलें, त्यालाच तिनें आपल्या घरधन्याच्या बत्तीस वर्षांचें नांव दिलें. मनुष्याला आपलें देणें मिळालें असतें, तर दानाला देण्याचें नांव देण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. आणि त्या तरुणाची चूक तिच्याहून मोठी होती. फुकट हा शब्द त्यानें अशा मनुष्यावर टाकिला, ज्याच्या झिजलेल्या बोटांवर आयुष्यभराच्या कामाची साक्ष होती. यंत्रास ती साक्ष वाचतां आली नाहीं. परंतु मनुष्यास ती वाचतां यावी.

आतां शेवटीं आपल्या गांवाकडे येऊं. कारण ब्रिटन व मुंबई यांच्याविषयीं न्यायानें बोलणें सोपें आहे, घरच्या हिशेबांत न्याय ठेवणें कठीण. आपल्यापैकीं पुष्कळांच्या शेतावर सालदार आहेत. कोणी आपल्या बापाच्या वेळेपासून आहे. साल ठरवितांना अमुक रुपये, अमुक धान्य, एक घोंगडी, एक जोडा, अशी बोली होते. त्यांतली घोंगडी दिवाळीस देतांना आपण म्हणतों, "घे रे, तुला घोंगडी दिली." दिली कीं फेडली? आजारी पडून तो दोन महिने घरीं बसला, तेव्हां त्याच्या घरीं पाठविलेले पायलीभर जोंधळे आपण आठवणीनें चार लोकांत सांगतों. परंतु त्याची गेल्या वर्षाची राहिलेली बाकी आपण सांगतों काय? आणि तीस वर्षें आपल्या बैलांमागें चाललेला तो मनुष्य थकला, म्हणजे त्याचें काय करावयाचें, हें बोलींत कधीं आलेलेंच नसतें. तो थकतो तेव्हां त्याचें सर्व आपल्या मर्जीवर येतें, आणि आपली मर्जी चांगली असली तर आपण स्वतःस दयाळू समजूं लागतों.

आमची सूचना साधी आहे. घरांत हिशेबाची वही असेल तर तिच्यांत दोन पानें निराळीं ठेवावीं. एकावर "देणें" लिहावें, दुसऱ्यावर "दान". सालदाराची घोंगडी पहिल्या पानावर घालावी. जी दाई आपल्या घरच्या मुलांच्या जन्माच्या वेळीं रात्रींबेरात्रीं आली तिचें लुगडें पहिल्या पानावर घालावें. जुन्या गड्याच्या म्हातारपणासाठीं कांहीं ठरवावें, तें चार माणसांसमक्ष ठरवावें, लिहावें, आणि त्याच्या मागें त्याच्या बायकोचें नांवही त्यांत असूं द्यावें. पहिलें पान फिटल्यावर मग दुसऱ्या पानावर मोठ्या मनानें लिहावें. असें केलें तर आपलें दान थोडें कमी दिसेल, हें खरें. पुष्कळसें जें आपण दान म्हणून मोजीत होतों, तें पहिल्या पानावर जाईल. पण ज्याला तें मिळेल, त्याला तें घेतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.

गांवांतील शिक्षक व उपदेशक बंधूंस आमची विनंति कीं, ह्या सुगीच्या आधीं एखाद्या संध्याकाळीं मंडळींतील शेतकरी व मजूर यांस एकत्र बसवून हा विषय काढावा. कोणास उपदेश करूं नये. फक्त प्रत्येकास एवढेंच विचारावें कीं, "तुमच्या वहींत पहिल्या पानावर कोणाचें नांव राहून गेलें आहे?" उत्तर लगेच येणार नाहीं. परंतु घरीं जातांना प्रत्येकाच्या मनांत कोणीतरी एक म्हातारा किंवा म्हातारी उभी राहिल्यावांचून राहणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे. त्या मनुष्याच्या घरीं ह्या हिवाळ्यांत चूल कशावर पेटते, हें आधीं जाऊन पाहावें.